मार्गदर्शकाची सही

डिसेंबर २०२३ मध्यें नागपूर येथें विधिमंडळाचें अधिवेशन चालू असतां संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला, आणि पीएच.डी. करून हीं मुलें असे काय दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा प्रतिप्रश्न तत्कालीन एका उपमुख्यमंत्र्यांनीं केला. विद्यार्थिवर्गांत त्यावर मोठा क्षोभ उसळला. त्या क्षोभांत आम्हीही सामील होतों. राज्याच्या सभागृहांत विद्येची अशी थट्टा व्हावी हें आम्हांस आजही लाजिरवाणें वाटतें. परंतु क्षोभ ओसरल्यावर तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनें आमच्यापुढें येऊन उभा राहिला. दिवा लागत नसेल तर दोष केवळ वातीचा कां धरावा? तेल घालण्याचें काम ज्यांच्याकडे सोंपविलें होतें ते त्या वेळीं कोठें होते?

ते म्हणजे आम्ही, विद्यापीठमान्य मार्गदर्शक.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. विद्यार्थ्यांस अधिछात्रवृत्ति हवी, ग्रंथालयें हवींत, राहावयास जागा हवी. यांबद्दल वाद नाहीं. परंतु आज आमच्या मुलखांत, निदान मानव्यविद्यांच्या शाखांत, पीएच.डी.चा विद्यार्थी ज्या एका गोष्टीवांचून सर्वांत अधिक अडतो ती गोष्ट म्हणजे त्याचें लिखाण वेळेवर वाचून त्यास खरें सांगणारा माणूस. हा माणूस त्याला रीतसर नेमून दिलेला असतो आणि तरीही तो त्याला मिळत नाहीं. हा दोष शासनाचा नव्हे, विद्यार्थ्याचा नव्हे. तो आमच्या वर्गाचा आहे.

नियमांची वाणवा आहे म्हणावें तर तीही नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९, २०१६ आणि २०२२ असे तीन वेळां या पदवीचे नियम घडविले. प्राध्यापकानें आठ, सहयोगी प्राध्यापकानें सहा आणि सहायक प्राध्यापकानें चार यांहून अधिक विद्यार्थी घेऊं नयेत. विद्यार्थ्यानें दर सत्रास सल्लागार समितीपुढें येऊन आपल्या कामाचें निवेदन करावें. कोर्सवर्काचे किमान बारा श्रेयांक पुरे करावे. प्रबंधाचें परीक्षण सहा महिन्यांत उरकावें. सर्व कांहीं आहे. नाहीं तो एकच नियम: विद्यार्थ्यानें दिलेलें प्रकरण मार्गदर्शकानें किती दिवसांत वाचून परत करावें. विद्यार्थ्याच्या प्रत्येक पावलाला मुदत आहे, परीक्षकालाही मुदत आहे. मधल्या माणसाला तेवढी नाहीं.

त्याऐवजीं आहे तो प्रगति-अहवाल. ठराविक काळानें त्याचा छापील तक्ता येतो. तळाशीं 'मार्गदर्शकाचा अभिप्राय' म्हणून दोन बोटें रुंदीची जागा असते. त्या जागेंत 'समाधानकारक' हा एकच शब्द आजवर इतक्या वेळां लिहिला गेला असेल कीं त्याचा शिक्का करून ठेवला असता तर शाई तरी वांचली असती.

हें आम्ही परक्याच्या घरचें सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एका विद्यार्थिनीची नोंदणी झाली. तालुक्याच्या गांवीं तासिका तत्त्वावर शिकवून ती शनिवारच्या गाडीनें येई आणि रविवारीं रात्रीं परत जाई. विषय तिचा स्वतःचा होता, आम्हीं सुचविलेला नव्हे: एकोणिसाव्या शतकांतील मराठी नियतकालिकांकडे वाचकांनीं पाठविलेलीं पत्रें. जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर धुळींत बसून तिनें तीं एकेक करून उतरून काढलीं होतीं. ऑगस्ट महिन्यांत तिनें पहिलें प्रकरण आणून दिलें, चौसष्ट पानांचें. आम्हीं तें टेबलावर ठेवलें. त्यावर उत्तरपत्रिका आल्या; उत्तरपत्रिकांवर मूल्यांकन समितीसाठीं जमविलेल्या धारिका आल्या; आणि तें प्रकरण आमच्या हातीं पुन्हां लागलें तेव्हां जानेवारी उजाडला होता. मधल्या काळांत तिच्या प्रगति-अहवालावर आम्हीं 'समाधानकारक' असें लिहून सही केली होती.

वाचूं लागलों तों नवव्या पानावरच चूक दिसली. पत्रें लिहिणारे म्हणजेच सारा वाचकवर्ग असें तिनें धरून चालविलें होतें. लिहिणारा वाचक आणि मुकाट्यानें वाचणारा वाचक यांतील भेद तिच्या ध्यानीं आला नव्हता. ऑगस्टांत सांगितलें असतें तर पंधरा दिवसांची दुरुस्ती होती. पण त्याच गृहीतावर तिनें त्या पांच महिन्यांत आणखी दोन प्रकरणें रचलीं होतीं, मिळून एकशेंचाळीस पानें. आम्हीं तिला तें सांगितलें. ती रडली नाहीं, रागावलीही नाहीं. "सर, हें मला आधीं कळलें असतें तर..." एवढेंच बोलून तिनें कागद पिशवींत भरले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. त्यानंतर ती दोनदां आली; मग एक पत्र आलें; मग कांहींच नाहीं. मुदत संपून तिची नोंदणी रद्द झाल्याची सूचना आमच्या नांवें आली, तेव्हां तीही आम्हीं प्रथम न वाचतांच धारिकेंत लावली होती. तिनें उतरून घेतलेल्या पत्रांची एक प्रत आजही आमच्यापाशीं आहे. तसें काम मराठींत दुसऱ्या कोणीं केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

ही हकीगत आम्हीं एका व्यवसायबंधूंस सांगितली तेव्हां ते म्हणाले कीं, तुम्ही उगीच मनास लावून घेतां. खरा संशोधक असता तर अडलाच नसता. हें आमच्या वर्गाचें आवडतें उत्तर आहे. संशोधक हा स्वयंभू असावा लागतो. त्याचा हात धरून चालविणें म्हणजे त्याला पांगळें करणें. पोहावयास शिकवावयाचें तर पाण्यांत ढकलावें. ठीक आहे. पण पाण्यांत ढकलणारा निदान कांठावर तरी उभा असतो. आमचा मार्गदर्शक ढकलून घरीं जातो, आणि पांच वर्षांनीं मुलगा पैलतीरीं निघालाच तर हार घालून घेण्यास तेथें हजर होतो.

हे लोक थोरांचे दाखले देतात, म्हणून त्या दाखल्यांकडेच वळूं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांहून अधिक स्वयंभू विद्यार्थी कोण दाखवील? रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधास लंडन विद्यापीठानें १९२३ सालीं डी.एस्सी. ही पदवी दिली. त्यांचे गुरु एडविन कॅनन. तो प्रबंध ग्रंथरूपानें निघाला तेव्हां त्याला प्रस्तावना कॅनन यांचीच होती, आणि तींत त्यांनीं उघडपणें नमूद केलें आहे कीं, लेखकाच्या टीकेपैकीं बऱ्याच भागाशीं आपला मतभेद आहे. इतकेंच नव्हे, तर १८९३ सालीं आपण स्वतः कोणत्या पक्षाचे होतों हेंही ते सांगतात, आणि तरीही या विद्यार्थ्याच्या विवेचनांतील ताजेपणा वाखाणतात. या प्रस्तावनेवरून आमचे बंधु असा अर्थ काढतात कीं, पाहा, गुरूनें शिष्याला मोकळें सोडलें. आम्ही त्यावरून याच्या उलट अर्थ काढतों. एवढा नेमका मतभेद व्हावयास आधीं ओळन् ओळ वाचावी लागते. न वाचणाऱ्याचा कोणाशींच मतभेद होत नाहीं. म्हणून तर आमच्या अहवालांवर सर्वत्र समाधान नांदतें.

दुसरा दाखला घरचा घेऊं. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागांत गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखालीं अक्षयकुमार देसाई यांनीं भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहिला. १९४६ सालीं त्यांस पीएच.डी. मिळाली व १९४८ सालीं त्याचा ग्रंथ झाला. देसाई पक्के मार्क्सवादी. घुर्ये त्या पंथाचे मुळींच नव्हत. घुर्ये सौम्य स्वभावाचे होते असेंही कोणी म्हणणार नाहीं. तथापि ज्या दृष्टीशीं आपलें जमत नाहीं त्या दृष्टीचा प्रबंध त्यांच्या विभागांतून बाहेर पडला आणि आजतागायत वाचला जात आहे. स्वातंत्र्य म्हणतात तें हें. आमच्याकडे स्वातंत्र्याचा अर्थ बेपर्वाई असा लावला जातो, आणि मार्गदर्शनाचा अर्थ आपलीं मतें विद्यार्थ्याच्या तोंडीं घालणें असा. या दोन टोंकांच्या मधील जागा जवळजवळ ओसाड आहे.

गुरूची अपेक्षा एक आणि विद्यार्थ्याचा निष्कर्ष दुसरा, असेंही घडतें. इरावती कर्वे बर्लिन येथें ऑयगेन फिशर यांच्याकडे मानवी कवट्यांतील असममितीचा अभ्यास करीत होत्या. या असममितीचा वंशाशीं संबंध असावा ही गुरूची कल्पना. मापें घेतल्यावर तसा संबंध इरावतीबाईंस आढळला नाहीं, आणि त्यांनीं तसें लिहून दिलें. हा फिशर पुढें नाझी वंशविचारास शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांतला. त्याला कांहीं आम्ही आदर्श म्हणून पुढें करीत नाहीं. पण एक परदेशी तरुणी अशा गुरूपुढें आपला निष्कर्ष बदलत नाहीं आणि तरीही पदवी घेऊन येते, हें वाचलें कीं आमच्या त्या मौखिक परीक्षा आठवतात, ज्यांत उमेदवार प्रत्येक प्रश्नाला "होय सर, तें दुरुस्त करतों" असें म्हणत असतो, आणि शेजारच्या खोलींत त्याच्याच खर्चानें परीक्षकांच्या जेवणाचीं ताटें मांडलेलीं असतात.

घुर्ये यांच्याविषयीं आणखी एक. ते स्वतः केंब्रिजला रिव्हर्स यांचे विद्यार्थी. १९२२ सालीं रिव्हर्स अकस्मात् निवर्तले, तेव्हां हॅडन यांच्याकडे त्यांचें काम पुरें झालें. आमच्याकडे मार्गदर्शक निवृत्त झाला, बदलून गेला किंवा वारला म्हणजे विद्यार्थ्याच्या नशिबीं मार्गदर्शक-बदलाचा अर्ज येतो. आणि तो अर्ज घेऊन तो ज्या दारीं जातो तेथें त्याला पहिला प्रश्न विषयाचा नव्हे, जागा रिकामी आहे कीं नाहीं याचा ऐकावा लागतो.

आतां वेळेची सबब. आम्हांस वेळ कोठें आहे, असें प्रत्येक जण म्हणतो, आणि म्हणतांना चेहरा असा करतो कीं ऐकणाऱ्यास दया यावी. आम्हीं एकदां कागद घेऊन हिशेब मांडला. प्रबंधाचीं सहा प्रकरणें, प्रत्येकीं पन्नास पानें धरूं. हातांत पेन्सिल घेऊन तासाला दहा पानें वाचून होतात; म्हणजे एका प्रकरणास पांच तास आणि एका प्रबंधास तीस. प्रत्येक प्रकरणाचे तीन खर्डे वाचावयाचे म्हटले तरी नव्वद तास होतात. आठही जागा भरलेल्या प्राध्यापकास हे सातशें वीस तास झाले. चार वर्षांत वांटले म्हणजे वर्षास एकशेंऐशीं, आणि आठवड्यास साडेतीन तास! सहायक प्राध्यापकाचे विद्यार्थी चारच. त्याला पावणेदोन तास पुरतात. यांत प्रत्यक्ष बोलण्याचा वेळ धरलेला नाहीं हें खरें, तो दुप्पट धरा. तरीही हा आंकडा पाहून आम्ही थोडा वेळ गप्प बसलों. पांच महिने आम्हांस जें जमलें नव्हतें तें एका दुपारचें काम होतें.

येथें आमच्या बंधूंच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकास आठवड्याचे चौदा तास व सहायक प्राध्यापकास सोळा तास अध्यापनाचे सांगितले आहेत. परंतु महाविद्यालयांतून पदें रिकामीं पडलेलीं, त्यांचीं कामें उरलेल्यांच्या माथीं, वर समित्या आणि अहवाल, हें चित्र खोटें नाहीं. ज्या कामाला वेळापत्रकांत घर नाहीं तें काम रात्रीं दमल्यावर करावयाचें राहतें, आणि मग राहूनच जातें. म्हणून प्रबंध-वाचनाचा तास वेळापत्रकावर छापला जावा अशी आमची मागणी आहे. पण तो छापला जाईपर्यंत वाचणार नाहीं असें म्हणण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं.

शेवटची सबब विद्यार्थ्यांवर ढकललेली असते. विद्यार्थीच तसे येतात, म्हणे; यांना ज्ञान नको, नोकरी हवी. नोकरी हवी असणें हा गुन्हा केव्हांपासून झाला? विद्यापीठांत सहायक प्राध्यापक होण्यास पीएच.डी. सक्तीची होणार असें २०१८ सालीं सांगितलें गेलें. ती सक्ति जुलै २०२१ पासून यावयाची ती जुलै २०२३ वर गेली, आणि तो जुलै येतांच रद्द होऊन नेट, सेट यांवर भागेल असें ठरलें. त्या धास्तीनें ज्यांनीं नोंदणी केली तीं मुलें अर्ध्या वाटेंत उभीं राहिलीं. त्यांना हिणविण्यापूर्वीं वाट दाखविणारांनीं आपलें बोट कोणत्या दिशेला होतें तें पाहावें.

आणि त्यांचे प्रबंध निःसत्त्व निघतात म्हणून तक्रार असेल, तर त्या प्रबंधांचा सांचा कोणीं दिला? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानें चालविलेल्या 'शोधगंगा' या भांडारांत देशांतील प्रबंध कोणासही उघडून वाचतां येतात. सुज्ञ वाचकांनीं सवडीनें तेथील मराठी वाङ्मयावरचे पांच-दहा प्रबंध चाळून पाहावे. पहिल्या प्रकरणांत लेखकाचा जीवनपरिचय. दुसऱ्यांत 'कादंबरी : संकल्पना व स्वरूप', आणि तेथें कादंबरी म्हणजे काय याविषयीं पूर्वसूरींच्या सहा व्याख्या एकीखालीं एक मांडलेल्या, ज्यांचा पुढें कोठेंही उपयोग नाहीं. तिसऱ्या-चौथ्यांत कथानकांचे सारांश. पांचव्यांत भाषाशैली, म्हणजे म्हणी, वाक्प्रचार आणि इंग्रजी शब्द यांच्या याद्या. सहाव्यांत निष्कर्ष: प्रस्तुत लेखकाचें योगदान मोलाचें आहे. मुखपृष्ठावर 'एक चिकित्सक अभ्यास' हे तीन शब्द असतात. आणि चिकित्सा कोठें आहे असा प्रश्न आंत कोणींच विचारलेला नसतो. बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला हा सांचा स्वप्नांत दिसलेला नाहीं. तो कपाटांतील मागचा प्रबंध काढून समोर ठेवतो, कारण त्याला कोणीं असें सांगितलेलेंच नसतें कीं, प्रबंधाला प्रथम एक प्रश्न लागतो, आणि त्या प्रश्नाचें उत्तर कदाचित् 'नाहीं' असेंही येऊं शकतें. त्याला टिपणें कशीं काढावीं, उतारा कोठें थांबवावा, दुसऱ्याचें मत सांगून संपलें आणि आपलें सुरू झालें हें वाक्यांत कसें दाखवावें, पहिलें प्रकरण पुष्कळदां शेवटीं लिहिलें तर बरें असतें, या गोष्टी कोणीं शिकविल्या? लिहिणें हें आपोआप येतें अशी आमची समजूत आहे. पदवी-परीक्षेंत चार पानांचीं उत्तरें पाठ करून लिहिणाऱ्या मुलाकडून आम्ही एकाएकीं तीनशें पानांची अपेक्षा धरतों, आणि तीं पानें कोठून तरी आलीं कीं नाक मुरडतों.

कोठून तरी आलेल्या पानांसाठीं यंत्र बसविलें आहे. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांप्रमाणें साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाहीं. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आंत सुधारून देणें. चाळीस ते साठला एक वर्ष बंदी. साठांवर नोंदणीच रद्द. नियम वाईट नाहीं, चोराला शासन हवेंच. परंतु त्याचा परिणाम पाहा. विद्यार्थी एकमेकांस भेटतात तेव्हां "टक्के किती आले?" असें विचारतात, "म्हणणें काय आलें?" असें नव्हे. शब्द फिरवून देणारीं दुकानें निघालीं आहेत, आणि आतां तर तेंही काम यंत्रच करतें. सॉफ्टवेअर चोरी मोजतें. पोकळपणा मोजणारें सॉफ्टवेअर अजून निघालेलें नाहीं, आणि निघेपर्यंत तें काम मार्गदर्शकाच्या डोळ्यांनींच करावें लागेल. ज्यानें पहिल्या प्रकरणाचा पहिला कच्चा खर्डा वाचला आहे त्याला विद्यार्थ्याच्या वाक्याची चाल ठाऊक असते. तिसऱ्या प्रकरणांत ती चाल बदलली कीं त्याच्या तें चटकन् ध्यानीं येतें. ज्यानें कांहींच वाचलेलें नाहीं त्याला टक्क्यांच्या दाखल्यावर विसंबण्यावांचून गति नाहीं.

प्रसिद्ध लेखांच्या सक्तीचीही हीच गत झाली. २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वीं एक निबंध छापून आणण्याची अट होती. मागणीबरोबर दुकानेंही वाढलीं. २०१८ सालीं आयोगास आपल्याच मान्य यादींतून ४३०५ नियतकालिकें काढून टाकावीं लागलीं. पुढें २०२२ सालीं ती अटच गेली. वाचण्याचें काम दुसऱ्या कोणाकडे तरी लोटावें, संपादकाकडे, यंत्राकडे, परीक्षकाकडे, ही आमची खटपट प्रत्येक वेळीं अशीच फसते.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. आलेलें प्रकरण पंधरा दिवसांत, फार तर तीन आठवड्यांत, लेखी शेऱ्यांसह परत जावें. प्रगति-अहवालावर 'समाधानकारक' या शब्दाला बंदी असावी. त्या जागीं मार्गदर्शकानें त्या सत्रांत कोणतीं पानें वाचलीं आणि त्यांत कोणती उणीव दाखविली तें लिहावें. महिन्यांतून एक दिवस विभागांतील सर्व संशोधकांनीं एकत्र बसून एकमेकांचीं पानें मोठ्यानें वाचावीं. गांवाहून येणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला आपल्यासारखेच आणखी चार जण अडलेले आहेत हें कळणें हाही मोठा आधार असतो. आणि विद्यार्थ्याला, मार्गदर्शक वाचत नाहीं अशी तक्रार आपलें नुकसान न होतां करतां यावी. आज ती करावयाची म्हणजे ज्या फांदीवर बसावयाचें तीच तोडण्यासारखें आहे.

यांपैकीं विद्यापीठ काय करील तें विद्यापीठ जाणे. आम्हीं गेल्या जून महिन्यापासून आमच्या खोलीच्या दारावर आंतल्या बाजूस एक कागद लावला आहे. त्यावर विद्यार्थी स्वतः तारखा लिहितात: प्रकरण दिल्याची एक, परत मिळाल्याची दुसरी. पहिलें प्रकरण नऊ दिवसांत परत गेलें. दुसरें बावीस दिवसांत. तेथें विद्यार्थ्यानें संकोचानें तारीख लिहिली नव्हती, ती आम्हीं लिहावयास लावली. असा कागद दारावर बरा दिसत नाहीं, अशी सूचना एका सहकाऱ्यांनीं केली आहे. तो अद्याप तेथेंच आहे, आणि त्यावरची पांचवी ओळ, चोवीस पानांची, काल सकाळपासून आमच्या टेबलावर पडलेली आहे.